अनुतापाची वाट : वर्ध्याचे सेठ जमनालाल बजाज

साधकाच्या मार्गात जी अनेक विघ्ने येतात त्यांत विषयांचे विघ्न सर्वांना ठाऊक असते. विषय दिसतो, त्याचे नाव सांगता येते, त्यापासून दूर कसे राहावे याचे शास्त्रही आपल्याला लाभलेले आहे. परंतु दुसरे एक विघ्न असे आहे की ते बाहेरून दिसत नाही. साधकाचा नित्यविधी चालू असतो, नामस्मरण ओठांवर असते, अभ्यागतांचा सत्कार होत असतो, लोक दंडवत घालीत असतात. आणि तरीही आतून अंतःकरण कोरडे झालेले असते. वैशाखात वर्धा नदीचे पात्र रुंदच दिसते, दोन्ही तीर जागच्या जागी असतात, परंतु मध्ये वाळूच असते. तशी ही अवस्था होय. या अवस्थेत पाप घडलेच असेल असे नाही. पुष्कळदा पुण्यकर्मांची गर्दीच झालेली असते. म्हणूनच ती ओळखणे कठीण आणि कबूल करणे त्याहून कठीण.

या कोरडेपणातून जीव पुन्हा परमेश्वराकडे कसा वळतो? आपल्या शास्त्राने याचे उत्तर अनुशोच या एका शब्दात सांगितले आहे. दोषाचे स्मरण होऊन अंतःकरण जळावे, त्या जळण्यातून आर्ती उत्पन्न व्हावी, आणि आर्तीने जीव नम्र होऊन सेवेला लागावा, असा हा क्रम आहे. या अंकात त्या क्रमाचे विवेचन सूत्राच्या आधारे न करता एका चरित्राच्या आधारे करण्याचे योजिले आहे. चरित्रनायक आपल्या मार्गाचे अनुसरलेले नव्हते. ते वैष्णव कुळातील मारवाडी गृहस्थ, व्यापारी आणि देशसेवक होते. परंतु ते आपल्याच वर्धा जिल्ह्यात वाढले, येथेच त्यांना कोरडेपणाने गाठले, आणि येथेच एका गोशाळेच्या झोपडीत त्यांचे अंतःकरण पुन्हा भिजले. गुण कोठेही दिसला तरी तो पाहावा, या न्यायाने सेठ जमनालाल बजाज यांचे चरित्र संत-महंत, तपस्विनी, उपदेशी आणि वासनिक अशा सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दत्तक पुत्र आणि त्याचे पहिले वैराग्य

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी तेव्हाच्या जयपूर संस्थानातील सीकरजवळ काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. पिता कनीराम आणि माता बिरदीबाई हे साध्या स्थितीतील कुटुंब. वर्ध्याचे धनाढ्य सेठ बच्छराज यांचा मुलगा निवर्तलेला होता आणि घराला वारस नव्हता. बच्छराजांच्या पत्नी सदीबाई यांची दृष्टी या बालकावर गेली आणि १८९४ च्या सुमारास, वयाच्या पाचव्या वर्षी, जमनालाल नातू म्हणून वर्ध्याच्या वाड्यात दत्तक आले. मुलाच्या बदल्यात धन घेणे पित्याला रुचले नाही. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या त्या गावाला एक विहीर मात्र मिळाली, असे सांगतात. एका बालकाच्या वियोगातून गावाची तहान भागली, ही गोष्ट पुढील चरित्र वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शाळेचे शिक्षण जेमतेम झाले. १९०२ मध्ये जावऱ्याच्या जानकीदेवींशी विवाह झाला. वाड्यात संपत्ती अपार होती, परंतु आजोबांचा स्वभाव कोपिष्ट. जमनालालजी सतरा वर्षांचे असताना एका लग्नप्रसंगी दागिने घालून जाण्याचा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला. बच्छराज संतापले आणि आपल्या धनाचा उल्लेख करून बोलू नये ते बोलले. त्यावर या तरुणाने वाद घातला नाही. त्याने मुद्रांकित कागदावर एक पत्र लिहिले. आपला या संपत्तीवर कोणताही हक्क नाही, पुढेही आपण तो सांगणार नाही, अंगावरील वस्त्रांखेरीज काही नेत नाही, आणि मनात राग नाही, अशा आशयाचे ते पत्र आजोबांच्या हाती देऊन तो घराबाहेर पडला. पुढे आजोबांचा राग ओसरला, त्यांना आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला आणि त्यांनी नातवाला समजावून परत आणले. १९०७ मध्ये बच्छराज वारले आणि सर्व संपत्ती त्याच तरुणाकडे आली, ज्याने ती लेखी सोडून दिली होती.

येथे एक सूक्ष्म भेद पाहण्यासारखा आहे. सोडलेले धन परत घरी आले, परंतु ते आता आपले नव्हे, आपण त्याचे केवळ राखणदार आहोत, ही भावना जमनालालजींच्या मनात कायमची राहिली. हे त्यांचे पहिले वैराग्य होय. ते खरे होते. तथापि पहिले वैराग्य कितीही खरे असले तरी ते आयुष्यभर पुरत नाही, हे पुढील तीस वर्षांनी दाखवून दिले.

सेवेचा विस्तार

तरुण वयातच ते सद्गुरूच्या शोधात होते. देशातील अनेक थोर पुरुषांच्या सहवासात जाऊन त्यांनी त्यांचे आचरण पाहिले. १९१५ नंतर महात्मा गांधींच्या आश्रमात त्यांचे जाणे-येणे सुरू झाले आणि बोलणे व वागणे यांत अंतर नसलेला पुरुष आपल्याला सापडला अशी त्यांची खात्री झाली. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी ते स्वागताध्यक्ष होते. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली, ती म्हणजे आपल्याला पाचवा पुत्र मानावे. दत्तक म्हणून एकदा दिला गेलेला हा मुलगा दुसऱ्या वेळी स्वतःच्या इच्छेने दत्तक गेला.

यानंतरच्या कार्याचा विस्तार मोठा आहे. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी १९२१ मध्ये असहकारात परत केली. वकिली सोडणाऱ्या देशसेवकांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी विनोबा भावे वर्ध्याला आले आणि येथे सत्याग्रहाश्रम सुरू झाला. विनोबा वयाने त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, परंतु जमनालालजींनी त्यांना गुरुस्थानी मानले. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात कारावास घडला. जुलै १९२८ मध्ये वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. देशात ज्या पहिल्या मंदिरांची दारे अशी उघडली त्यांत त्याची गणना होते. स्वजातीयांचा रोष झाला, परंतु त्यांनी तो सोसला. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जातिभेदाचा विटाळ मोडून सर्व वर्णांच्या जीवांना सन्निधानी घेतले, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले. जमनालालजींनी आपली बाग ग्रामोद्योगाच्या कार्यासाठी दिली, ती मगनवाडी होय. १९३६ मध्ये गांधीजी शेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले, आणि त्या गावची मालगुजारीही मुख्यतः बजाज घराण्याकडेच होती. काँग्रेसचे कोषाध्यक्षपद, खादी, राष्ट्रभाषाप्रचार, शिक्षणसंस्था, व्यापार, घरी उतरणारे शेकडो पाहुणे, अशी ही न संपणारी यादी आहे. वर्ध्याची बजाजवाडी हे देशाचे अतिथिगृह झाले होते.

कोरडेपणा

असा मनुष्य सुखी असेल असेच कोणालाही वाटेल. धन होते, पण धनाची आसक्ती नव्हती. कीर्ती होती आणि ती सेवेने मिळालेली होती. गुरुजन जिल्ह्यातच, हाकेच्या अंतरावर होते. श्रवणही थोडेथोडके घडले नव्हते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी दर रविवारी श्रीमद्भगवद्गीतेवर जी प्रवचने केली, जी साने गुरुजींनी टिपून घेतल्यामुळे आज घरोघर वाचली जातात, त्या प्रवचनांच्या श्रोत्यांत जमनालालजी होते. भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींच्या मुखातील ज्ञान अठरा अध्याय ऐकण्याचे भाग्य त्यांना कारागृहात लाभले होते.

आणि तरीही १९३७-३८ च्या सुमारास त्यांचे मन कोरडे पडू लागले. त्यांच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून ही अवस्था स्पष्ट दिसते. आपण ज्या उंचीवर आहोत असे लोक समजतात त्या उंचीवर आपण नाही, मनातील विकार गेलेले नाहीत, उलट दुर्बलता वाढते आहे, ही जाणीव त्यांना छळू लागली. सार्वजनिक कामातील मतभेद, व्यापाराचा व्याप, शरीराचे आजार हे सर्व होतेच. परंतु खरे दुःख त्या कशाचे नव्हते. इतके करूनही आत काही उमलत नाही, हे त्यांचे दुःख होते.

त्याच १९३८ साली घडलेली एक गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. विनोबांची प्रकृती क्षीण झाली होती आणि त्यांनी हवापालटासाठी कोठेतरी जावे असे ठरत होते. तेव्हा धाम नदीच्या काठी पवनार येथे जमनालालजींचा जो बंगला होता तेथे ते ७ मार्च रोजी राहावयास गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातील सर्व विचारांचा त्याग केला, आणि तेथे त्यांची प्रकृती सुधारली. घर जमनालालजींचे होते, परंतु त्या घरातील शांती पाहुण्याला मिळाली आणि घरधनी मात्र अस्वस्थच राहिला. दान देणाऱ्याला दानाचे फळ म्हणून शांती मिळतेच असे नाही, हा बोध येथे होतो. शांती वस्तू देऊन मिळत नाही. त्यासाठी मीपण द्यावे लागते.

मठात आणि आश्रमात वावरणाऱ्या आपणा सर्वांनी येथे थोडे थांबावे. ज्याच्या हातून पुष्कळ कार्य होते त्याला कोरडेपणा अधिक लवकर गाठतो. कारण कार्याची वाहवा हेच त्याचे अन्न होऊन बसते, आणि त्या अन्नाने पोट भरल्याचा भास होत राहिल्यामुळे खऱ्या भुकेची ओळखच राहत नाही. जमनालालजींचे भाग्य असे की त्यांना आपली भूक ओळखता आली.

अनुशोच

कोरडेपणा जाणवला म्हणजे मनुष्य सामान्यतः दोन वाटा धरतो. एक तर तो अधिक काम करतो आणि कामाच्या कोलाहलात आतला आवाज दडपतो. नाही तर तो निराश होऊन आपण अपात्रच आहोत असे म्हणत सर्व सोडून बसतो. पहिली वाट अहंकाराची आणि दुसरीही अहंकाराचीच. आपण फार मोठे या भावनेप्रमाणेच आपला दोष फार मोठा ही भावनाही जिवाला स्वतःभोवतीच फिरवीत ठेवते.

जमनालालजींनी तिसरी वाट धरली. त्यांनी आपले दोष गुरुजनांपुढे उघडे केले. गांधीजींना आणि विनोबांना त्यांनी आपल्या मनाची दुर्बलता लिहून कळविली आणि बोलूनही सांगितली. आपली जन्मतिथी हा त्यांच्यासाठी उत्सवाचा दिवस नव्हता, तो झडतीचा दिवस होता. गेल्या वर्षात मन किती पुढे गेले, किती मागे आले, याचा हिशेब ते मांडीत. व्यापारी कुळात वाढल्यामुळे हिशेबाची सवय होतीच, तीच त्यांनी अंतःकरणाला लावली. त्यात तोटा दिसला तो त्यांनी लपविला नाही. काँग्रेसच्या कार्यसमितीसारख्या मानाच्या जबाबदाऱ्यांतून मोकळे व्हावे, आपण त्या स्थानाला योग्य नाही, असेही त्यांना वाटू लागले.

लाखोंचा पोशिंदा समजला जाणारा, पन्नाशीला आलेला, नातवंडे पाहू लागलेला गृहस्थ आपल्या मनाचे विकार दुसऱ्यापुढे उघडे करतो, ही सोपी गोष्ट नव्हे. लोकांना आपल्याविषयी वाटणारा आदर हाच आपला दागिना असतो. सतराव्या वर्षी त्यांनी सोन्याचे दागिने नाकारले होते. पन्नासाव्या वर्षी त्यांनी हा दुसरा, अधिक जड दागिना उतरविला. पहिल्या त्यागापेक्षा हा त्याग मोठा होता, कारण पहिल्या त्यागाने कीर्ती वाढली आणि या त्यागात कीर्तीच पणाला लागली.

अनुशोचाचे लक्षण हेच होय. आपल्या मार्गात दिवसाच्या अखेरीस घडलेल्या दोषांचे स्मरण करून परमेश्वरापुढे खंती करण्याची आणि अधिकरणापुढे दोष निवेदन करून प्रायश्चित्त घेण्याची रीत आहे. ती केवळ ओठांनी उरकली तर कोरडेपणा आणखी वाढतो. दोष सांगताना लाज वाटली पाहिजे आणि लाज वाटूनही सांगता आला पाहिजे. तेथे गाठ सुटते.

एकांत आणि त्याची मर्यादा

दोष सांगितल्याबरोबर शांती मिळाली असे झाले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. १९३९ च्या आरंभी जयपूर संस्थानात प्रजामंडळाच्या हक्कांसाठी बंदी मोडून प्रवेश केल्यामुळे त्यांना अटक झाली आणि काही महिने ते तेथे स्थानबद्ध होते. ज्या प्रदेशात जन्म झाला तेथेच हा बंदिवास घडला. १९४०-४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा नागपूरच्या तुरुंगात राहावे लागले. या काळात एकांत मिळाला, चिंतन घडले, शरीर मात्र खचत गेले. विजनवासाचे महत्त्व आपल्या शास्त्रात मोठे आहे. परंतु विजनात मनुष्य आपल्या मनासह जातो, आणि मन कोरडे असेल तर विजनही कोरडे होते. एकांत दोष दाखवितो. दोष दिसल्यावर जो ओलावा लागतो तो एकांतातून आपोआप येत नाही, तो आदरातून येतो.

मातेचा शोध

१९४१ च्या मध्यावर तुरुंगातून सुटल्यावर प्रकृतीसाठी ते उत्तरेकडे गेले. त्याच प्रवासात डेहराडूनजवळच्या रायपूर येथे आनंदमयी माता या बंगाली साध्वीचे दर्शन त्यांना घडले. थोड्या वेळासाठी म्हणून गेलेले जमनालालजी तेथे काही दिवस राहिले. गांधीजींच्या रूपाने आपल्याला पिता मिळाला, परंतु मातेची उणीव राहिली आहे, असे त्यांना वाटत असे. ती उणीव तेथे भरून निघाली. आनंदमयी मातांचा जन्म १८९६ चा, म्हणजे त्या त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी लहान. तरीही या एक्कावन्न वर्षांच्या पुरुषाने त्यांच्यापुढे बालकासारखे बसण्यात संकोच मानला नाही.

येथे आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न उद्भवेल, त्याचे समाधान करणे उचित होय. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत आणि मोक्षदाता एक परमेश्वरच, हा आपला सिद्धांत अढळ आहे. त्या साध्वीच्या अधिकाराचा निर्णय करणे हा या लेखाचा विषय नाही. पाहावयाचे आहे ते एवढेच की जमनालालजींच्या अंतःकरणात काय घडले. अनेक वर्षे ते देणारे होते. द्रव्य, घर, सल्ला, वेळ, सर्व काही ते देत होते. जो सतत देतो त्याला घेण्याची, मागण्याची सवय राहत नाही, आणि जो मागू शकत नाही त्याच्या ठिकाणी आर्ती उपजत नाही. रायपूरला ते प्रथमच केवळ घेणारे झाले. तेथे त्यांच्या धनाची कोणाला गरज नव्हती, त्यांच्या चातुर्याची नव्हती, त्यांच्या नावाचीही नव्हती. आदराने वाकलेले मन रिकामे होते आणि रिकाम्या पात्रातच पाणी साठते. अनुशोचाने नांगरलेल्या भूमीवर आदराचा पाऊस पडला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. नुसती नांगरट असती तर ढेकळेच उरली असती. नुसता पाऊस असता तर तो कठीण भूमीवरून वाहून गेला असता.

गोपुरीची झोपडी

अशा अनुभवानंतर मनुष्याला तेथेच राहावेसे वाटते. जमनालालजी मात्र वर्ध्याला परत आले. त्यांनी गांधीजींना आपल्या मनाची अवस्था सांगितली, आणि राजकारणाच्या धकाधकीपासून दूर, ज्यात चित्त शुद्ध होईल असे काम मागितले. विचारविनिमयातून गोसेवेचे काम ठरले. सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस वर्ध्यात गोसेवा संघाची स्थापना झाली. सदस्यांनी गाईचेच दूध-तूप वापरावे, चामडे लागले तर आपोआप मेलेल्या जनावराचेच घ्यावे, असे त्याचे नियम होते. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील शेतकऱ्यांना परिचित असलेली गौळाऊ ही या प्रदेशाची पांढरी, चपळ गाय. अशा गाईंचे वंशसंवर्धन व्हावे, त्या शेतकऱ्याला भार न वाटता आधार वाटाव्यात, असा त्या कामाचा रोख होता.

वर्ध्यालगतच्या नालवाडीजवळ गोपुरी वसविण्यात आली, आणि नोव्हेंबर १९४१ पासून जमनालालजी तेथे एका साध्या झोपडीत राहू लागले. शहरात वाडा होता, बजाजवाडी होती, मुंबईत घर होते. ते सर्व जागच्या जागी ठेवून हा सेठ गाईंच्या सान्निध्यात राहावयास आला. गाईंची निगा राखणे, त्यांना खाजविणे, पुसणे, गोठ्याची व्यवस्था पाहणे, उरलेल्या वेळात प्रार्थना आणि चिंतन, असा त्यांचा दिनक्रम झाला. गाईला देवता मानून पूजण्याचा हा प्रकार नव्हता. मुक्या जिवाच्या सेवेत अहंता विरघळविण्याचा तो अभ्यास होता. गाय स्तुती करीत नाही, आभार मानीत नाही, वर्तमानपत्रात नाव छापीत नाही. ज्या अन्नावर आजवर मन पोसले गेले होते ते अन्न येथे मिळण्याची सोयच नव्हती. श्रीचक्रधरस्वामींनी पाठलाग होत असलेल्या सशाला अभय दिले ती लीळा आपणा सर्वांना परिचित आहे. जीवदया हा शब्द आपण नित्य उच्चारतो. तो शब्द गोठ्यात हातांनी कसा आचरावा, हे या गृहस्थाने आपल्या शेवटच्या काळात शिकून घेतले.

आणि या काळात कोरडेपणा गेला. त्यांना जवळून पाहणाऱ्यांनी याची साक्ष दिली आहे. विनोबांसारख्या मोजके बोलणाऱ्या पुरुषाने त्यांच्या अखेरच्या दिवसांतील मनाच्या उन्नत अवस्थेचा आवर्जून उल्लेख केला. वीस वर्षे ज्याला जवळून पाहिले त्याच्या चित्ताची एवढी उंची त्यांना पूर्वी दिसली नव्हती.

शेवट

१ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात गोसेवेसंबंधी परिषद भरली. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारी रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने जमनालालजींचे वर्ध्यातच अकस्मात निधन झाले. वय ५२ वर्षे. गांधीजी सेवाग्रामहून आले. अंत्यसंस्कार गोपुरीलाच झाले. झोपडीतील वास्तव्य पुरते चार महिनेही झाले नव्हते. आनंदमयी माता त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्ध्याला येऊन गेल्या.

जानकीदेवींचे दुःख अनावर होते. परंतु त्यांनीही शोक सेवेत वळविला. आपली संपत्ती गोसेवेला अर्पण करून त्यांनी पतीचे काम पुढे चालविले. पुढे विनोबांच्या भूदान यात्रेच्या काळात त्यांनी कूपदानाचे, म्हणजे गावोगाव विहिरी मिळवून देण्याचे काम केले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला आणि १९७९ मध्ये त्या निवर्तल्या. गोपुरीच्या परिसरात १९८० साली गीताई मंदिर उभे राहिले. त्यात मूर्ती नाही, छप्पर नाही. गीताईचे अठरा अध्याय शिलांवर कोरून त्या शिला उघड्या आकाशाखाली उभ्या केल्या आहेत. धुळ्याच्या कारागृहात ज्या गीतेचे श्रवण झाले तिचेच अक्षर आज त्या भूमीवर उभे आहे, जेथे त्या श्रवणाचे आचरण झाले.

चरित्राचा बोध

या चरित्रातून साधकाने काय घ्यावे? प्रथम हे की कोरडेपणा आला म्हणून आपण टाकले गेलो असे समजू नये. कोरडेपणाची खंत वाटणे हेच परमेश्वराने जिवाला पूर्णपणे सोडले नसल्याचे चिन्ह होय. ज्याला तहान लागत नाही त्याची चिंता अधिक करावी.

दुसरे हे की पूर्वीच्या त्यागावर जगू नये. घर सोडले, केस उतरविले, भिक्षेची झोळी घेतली, त्या दिवसाचे वैराग्य कितीही थोर असले तरी ते त्या दिवसाचे होते. सतराव्या वर्षी सर्वस्व लिहून देणाऱ्या जमनालालजींना पन्नासाव्या वर्षी पुन्हा आरंभ करावा लागला. उपदेश घेऊन वीस-तीस वर्षे झालेल्या गृहस्थ उपदेश्यांनाही हेच लागू आहे.

तिसरे हे की दोष सांगण्यासाठी एक स्थान असावे. ज्याच्यापुढे आपण लहान होऊ शकतो असा एक तरी अधिकारी पुरुष किंवा साध्वी आपल्या जीवनात असावी. महंतांना शिष्य पुष्कळ असतात, परंतु ज्याच्यापुढे स्वतः शिष्य व्हावे असे कोणी उरत नाही, तेथे कोरडेपणा घर करतो. मोठ्या पदाला हा धोका अधिक असतो, हे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

चौथे हे की अनुतापाचा शेवट सेवेत झाला पाहिजे. रडून मोकळे झालेले मन पुन्हा कोरडे होते. अनुतापानंतर जे काम हाती घ्यावयाचे ते आपल्या मोठेपणाला शोभणारे नसले तर अधिक बरे. आश्रमाचे अंगण झाडणे, आजारी तपस्विनीची शुश्रूषा करणे, स्थानाचे दर्शन घेऊन तेथील ओटा धुणे, ज्याला कोणी विचारीत नाही अशा वृद्ध वासनिकाच्या शेजारी जाऊन बसणे, ही कामे लहान नाहीत. त्यांत स्तुतीचे अन्न नाही, म्हणून त्यांत औषध आहे.

आणि शेवटचे हे की वेळ थोडा उरला आहे म्हणून थांबू नये. जमनालालजींना खरी शांती लाभली ती आयुष्याच्या अखेरच्या पाच-सहा महिन्यांत. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तो काळ अल्पच, परंतु तोच काळ त्या आयुष्याचा अर्थ ठरला. परमेश्वराकडे वळलेले एक पाऊलही वाया जात नाही. वर्ध्याहून नदी ओलांडून श्रीक्षेत्र ऋद्धिपूरच्या दर्शनास पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना ठाऊक आहे की उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या पात्रातही वाळू थोडी उकरली की झरा लागतो. उकरण्याचे कष्ट तेवढे करावे लागतात. अनुशोच म्हणजे ते उकरणे होय. पाणी तर दयाळू परमेश्वराने आधीच ठेवलेले आहे.